सगळीकडे 'अप्रूव्ह' लिहू नका: मंजुरीचा नेमका इंग्रजी शब्द निवडायची रीत

शेतकरी कंपनीचा ठराव, बचत गटाचा बँकेला अर्ज, ग्रामपंचायतीचं कव्हरिंग लेटर, शाळेचा प्रस्ताव. विदर्भातल्या खेड्यांतून इंग्रजीत जाणाऱ्या या कागदांत एक चूक हमखास सापडते. मराठीत 'मंजूर', 'मान्य' किंवा 'मान्यता' आलं की इंग्रजीत डोळे मिटून 'अप्रूव्ह' ठोकलेलं असतं. ज्याला थोडं जास्त इंग्रजी येतं तो 'सँक्शन' ठोकतो. मग एक तर कागद परत येतो, नाही तर चुकीचा अर्थ घेऊन फायलीत बसतो. परत आलेला कागद बरा, दुरुस्त तरी करता येतो.

मूळ आपल्या बोलण्यात आहे. वऱ्हाडीत 'जमते' म्हटलं की विषय संपला. शेजाऱ्यानं धुऱ्यावरून बंडी नेऊ का विचारलं, जमते. व्यापाऱ्यानं तुरीचा भाव सांगितला, जमते. पोराची सोयरीक पसंत पडली, जमते. इंग्रजीला पहिल्या जागी 'परमिट' किंवा 'अलाऊ' लागतं, दुसऱ्या जागी 'अक्सेप्ट', तिसऱ्या जागी 'अप्रूव्ह ऑफ'. एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

## तयारी: आधी मराठी, मग चार प्रश्न

इंग्रजी वाक्य लगेच लिहायला घेऊ नका. आधी मराठी वाक्य कर्त्यासकट लिहा. 'मंजुरी देण्यात आली' हे वाक्य उपयोगाचं नाही, कारण ती दिली कोणी हेच त्यात नाही. 'संचालक मंडळानं मंजुरी दिली' असं लिहा आणि त्याखाली चार उत्तरं मांडा:

१. हो म्हणणारा कोण? वरचा अधिकारी, बरोबरीचा, की ज्याच्यावर परिणाम होणार तो माणूस?
२. तो आपलं मत सांगतोय की अधिकार वापरतोय?
३. काम व्हायच्या आधी म्हणतोय की झाल्यावर?
४. तो 'नाही' म्हणाला असता तर काय अडलं असतं?

चौथा प्रश्न सगळ्यात कामाचा. काहीच अडणार नसेल तर ती मंजुरी नाही, पसंती आहे.

राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाचा 'शासन व्यवहार कोश' जवळ असला तर उत्तम, पण तो उघडायचा उत्तरं लिहून झाल्यावर. फोनवर नुसती समानार्थी शब्दांची यादी दाखवणारं अॅप मात्र टाळा. त्यात 'अप्रूव्ह', 'सँक्शन', 'एंडोर्स', 'रॅटिफाय' एका ओळीत दिसतात, आणि माणूस त्यातला जास्त भारदस्त दिसेल तो उचलतो.

## पायरी १: मत की अधिकार, हे आधी वेगळं करा

'अप्रूव्ह'ची दोन रूपं आहेत आणि फरक एका छोट्या शब्दाचा आहे. मागे 'ऑफ' लागलं की ते मत: चांगलं वाटणं, पटणं. 'ऑफ' नसलं की तो अधिकार: मंजूर करणं. 'हर फादर अप्रूव्ह्ज ऑफ द मॅच' म्हणजे बापाला सोयरीक पसंत आहे. 'द कलेक्टर अप्रूव्ह्ड द प्लॅन' म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनी आराखडा मंजूर केला. इथे 'अप्रूव्ह्ड ऑफ द प्लॅन' लिहिलंत तर त्यांना आराखडा आवडला एवढंच होतं. नुसत्या आवडीवर निधी येत नाही.

सावध: 'अप्रूव्ह टू' असं इंग्रजीत होत नाही. 'द बोर्ड अप्रूव्ह्ड टू परचेस द मशीन' चूक. 'अप्रूव्ह्ड द परचेस ऑफ द मशीन' बरोबर. एखाद्याला काही करण्याचा अधिकार द्यायचा असेल तर शब्द 'ऑथराइज', आणि तिथे माणसाचं नाव आधी येतं, 'टू' नंतर. बँक खात्यावर सही करणारा म्हणून 'ऑथराइज्ड सिग्नेटरी' असतो, 'अप्रूव्ह्ड सिग्नेटरी' नाही.

## पायरी २: काम आधी की मंजुरी आधी?

ठरावांमध्ये सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून इथे थांबून वाचा.

समजा, ऐन हंगामात कंपनीच्या दालमिलची मोटर जळाली. तूर येऊन पडलेली, बैठक पंधरा दिवसांनी. सीईओनं ३ फेब्रुवारीला ७,५०० रुपये देऊन मोटर रिवाइंड करून आणली. बैठक झाली १८ फेब्रुवारीला. ठरावात लिहिलं गेलं: 'द बोर्ड अप्रूव्ह्ज द रिपेअर ऑफ द मोटर.' वाचणारा लेखापरीक्षक काय बघतो? परवानगी १८ तारखेची, बिल ३ तारखेचं. म्हणजे खर्च विनापरवानगी झाला, किंवा दुरुस्ती दोनदा होणार आहे.

इथे शब्द 'रॅटिफाय' आहे: आधी झालेल्या कामाला नंतर दिलेली मान्यता. कचेरीतली 'कार्योत्तर मंजुरी' ती हीच. वाक्य असं हवं: 'द बोर्ड रॅटिफाइड द एक्स्पेंडिचर ऑफ रुपीज ७,५०० इन्कर्ड बाय द सीईओ ऑन ३ फेब्रुवारी.' रक्कम, माणूस, तारीख, तिन्ही त्यात पाहिजेत.

याचं कारण नुसतं व्याकरणाचं नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यात या शब्दाला स्वतःचं वजन आहे. कलम १९६ प्रमाणे, आपल्या वतीनं पण आपल्या परवानगीशिवाय झालेलं काम 'रॅटिफाय' केलं की ते परवानगी घेऊनच केल्यासारखं धरलं जातं. कलम १९८ सांगतं की हो म्हणणाऱ्याला वस्तुस्थितीची मोठी बाजू माहीतच नसेल तर ते 'रॅटिफिकेशन' टिकत नाही. आणि कलम १९९ प्रमाणे व्यवहाराचा एक भाग कायम केला की सगळा व्यवहार कायम होतो. म्हणून बिल सभेपुढे ठेवा, वाचून दाखवा आणि तसं ठरावात नोंदवा. बिल बघून हात वर केलेल्या सभासदांना 'मोटरचं मान्य, स्टार्टरचं नाही' असं मागाहून म्हणायला जागा उरत नाही.

शेजारचा एक शब्द आहे, त्याची गल्लत होते. मागील सभेचं इतिवृत्त वाचून 'कायम' करतात, त्याला 'कन्फर्म'. इतिवृत्त 'रॅटिफाय' करत नाहीत. 'कन्फर्म' म्हणजे लिहिलंय ते बोललं गेलं तसंच आहे, इतकंच. घेतलेला निर्णय चांगला होता की वाईट, याच्याशी त्याचा संबंध नाही.

तपासा: ठरावाची तारीख आणि बिलाची तारीख शेजारी शेजारी मांडा. बिल आधीचं असेल तर 'अप्रूव्ह' खोडा.

## पायरी ३: पैसा असेल तर 'सँक्शन', पण कोणत्या टप्प्यावर?

सरकारी बांधकामात इंग्रजीत दोन वेगळे शब्द ठरून गेलेत. प्रशासकीय मान्यता म्हणजे 'अॅडमिनिस्ट्रेटिव्ह अप्रूव्हल': काम करायचं हे ठरलं. तांत्रिक मान्यता म्हणजे 'टेक्निकल सँक्शन': आराखडा आणि अंदाजपत्रक अभियंत्याच्या नजरेतून गेलं. मराठीत दोन्हीकडे 'मान्यता' असल्यानं पत्रात दोन्हीकडे 'अप्रूव्हल' पडतं आणि वाचणाऱ्याला तांत्रिक मान्यता झाली की नाही ते कळत नाही. यानंतर निविदा, मग कार्यारंभ आदेश, म्हणजे 'वर्क ऑर्डर'. प्रशासकीय मान्यतेच्या भरवशावर खोदकाम सुरू करणाऱ्या ठेकेदाराला ही यादी तोंडपाठ करायला लावली पाहिजे.

बँकेत टप्पे तीन. 'इन-प्रिन्सिपल अप्रूव्हल' म्हणजे तत्त्वतः होकार. कागद तपासायचे बाकी, बँक अजून नाही म्हणू शकते. 'सँक्शन' म्हणजे रक्कम, व्याज, तारण आणि अटी ठरल्या, पत्र निघालं. 'डिस्बर्स' म्हणजे पैसे खात्यावर आले. अर्जात 'अवर लोन इज अप्रूव्ह्ड' लिहिण्याआधी हातात कोणतं पत्र आहे ते बघा. तत्त्वतः होकारावर मळणीयंत्राची उचल देऊन बसलेले गट पुढे अडकतात.

सावध: 'सँक्शन' हा दुतोंडी शब्द आहे. त्याचा दुसरा अर्थ आहे दंड, निर्बंध. अनेकवचनात 'सँक्शन्स' आलं आणि पुढे 'ऑन' किंवा 'अगेन्स्ट' दिसलं की ती मंजुरी नव्हे, बंदी. एखाद्या देशावर 'सँक्शन्स' लागले, ही बातमी त्याच जातीची. आपल्या पत्रात 'सँक्शन' एकवचनातच ठेवा आणि लगेच पुढे कशाचं ते लिहा: 'सँक्शन ऑफ लोन', 'सँक्शन ऑफ एस्टिमेट'.

## पायरी ४: होकार वरून येतो, बाजूनं येतो की खालून?

'अप्रूव्ह' वरून खाली येतं. 'अॅग्री' बरोबरीच्यांत होतं. 'कन्सेंट' देतो तो ज्याचं काही जाणार आहे तो: जमीन, शरीर, नाव, माहिती. ऑपरेशनआधी रुग्णाची सही घेतात ती 'कन्सेंट'. रुग्ण ऑपरेशन 'अप्रूव्ह' करत नाही. विधेयकावर राज्यपाल किंवा राष्ट्रपती देतात ती 'असेंट', मराठीत अनुमती. हा शब्द आपल्या पत्रात येण्याचं कारणच नाही, तरी 'कन्सेंट'च्या जागी तो दिसतो. वित्त विभाग दुसऱ्या विभागाच्या प्रस्तावाला सहमती देतो ती 'कन्करन्स'.

जमिनीच्या कागदात मात्र एकेका शब्दाला किंमत आहे. गडचिरोली, मेळघाट, यवतमाळ आणि चंद्रपूरच्या आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रात काम करणाऱ्यांनी तीन शब्द वेगवेगळ्या रंगांनी अधोरेखित करून ठेवावेत.

'कन्सल्ट' म्हणजे विचारणं. १९९६ च्या पेसा कायद्यात, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्यात, भूसंपादनाआधी ग्रामसभा किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीशी सल्लामसलत करायला सांगितलंय, तिथे शब्द हा आहे. विचारलं, ऐकलं, नोंदवलं, इतकी त्याची धाव.

'रेकमेंड' म्हणजे शिफारस. त्याच कायद्यात गौण खनिजाचा पट्टा देण्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक केलीय. शिफारस एरवी मऊ शब्द, इथे कायद्यानं त्याला दात दिलेत.

'कन्सेंट' म्हणजे संमती. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात अनुसूचित क्षेत्रातल्या जमिनीसाठी ग्रामसभेची किंवा पंचायतीची पूर्वसंमती आली. खाजगी कंपनीसाठी संपादन असेल तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्के, सरकारी-खाजगी भागीदारी असेल तर किमान ७० टक्के कुटुंबांची पूर्वसंमती लागते. त्यात 'प्रायर' हा शब्द आहे, म्हणजे आधीच.

आता बघा, ग्रामसभेत अधिकारी आले, माहिती दिली, लोकांनी चार प्रश्न विचारले. कार्यवृत्तात लिहिलं गेलं: 'द ग्रामसभा गेव्ह इट्स कन्सेंट.' झालं होतं 'वॉज कन्सल्टेड'. या दोन वाक्यांमध्ये एका गावाची जमीन आहे. ठराव झाला असेल तर 'पास्ड अ रेझोल्युशन' लिहा आणि ठराव मराठीत जसा झाला तसा जोडा. ठराव झालाच नसेल तर 'कन्सेंट' हा शब्द कागदावर येऊच देऊ नका, मसुदा कोणीही आणलेला असो.

वनहक्काच्या कागदातही क्रियापदं पक्की आहेत. २००६ च्या कायद्यात ग्रामसभा ठराव 'पास' करते, उपविभागीय समिती तो 'एक्झामिन' करते, जिल्हास्तरीय समिती अभिलेख अखेर 'अप्रूव्ह' करते. ग्रामसभेनं दावा 'अप्रूव्ह' केला असं पत्रात लिहिलंत तर वरच्याला कागद बाजूला सारायला आयतं निमित्त मिळतं.

तपासा: कर्ता ग्रामसभा असेल तर वाक्यात 'कन्सल्ट', 'रेकमेंड', 'कन्सेंट' आणि 'पास' यांपैकी नेमकं काय घडलं? ते मोठ्यानं वाचून दोन सभासदांना विचारा.

## पायरी ५: तपासून दिलेला शिक्का कोणाचा आहे?

'सर्टिफाय' म्हणजे ठरलेल्या कसोटीवर तपासून 'आहे' असं लिहून देणं. पसंतीचा प्रश्न नाही. 'अटेस्ट' म्हणजे ही प्रत मूळ कागदासारखी आहे किंवा ही सही माझ्यासमोर झाली याची साक्ष, म्हणजे साक्षांकन. म्हणून झेरॉक्सवर आपण 'सेल्फ-अटेस्टेड' लिहितो. 'सेल्फ-सर्टिफाइड कॉपी' लिहू नका.

बियाण्याची थैली हातात घ्या, हा फरक तिथे शिवलेला सापडेल. निळा टॅग असेल तर ते 'सर्टिफाइड', म्हणजे प्रमाणित. बीज प्रमाणीकरण यंत्रणेनं शेतापासून प्रयोगशाळेपर्यंत तपासलेलं. महाराष्ट्राची ही यंत्रणा अकोल्यातच आहे. हिरवं लेबल असेल तर ते 'ट्रूथफुल', म्हणजे उत्पादकानं स्वतःच्या जबाबदारीवर लिहिलेली माहिती. पायाभूत बियाण्याचा टॅग पांढरा, पैदासकार बियाण्याचा सोनेरी पिवळा. १९६६ च्या बियाणे कायद्यात प्रमाणीकरण ऐच्छिक आहे, अधिसूचित वाणांना लेबल लावणं सक्तीचं. त्यामुळे हिरवं लेबल म्हणजे बोगस माल असं नाही. पण खरेदी समितीच्या इंग्रजी अहवालात हिरव्या थैलीला 'सर्टिफाइड' लिहिणं चूक, आणि दोन्हींना 'गव्हर्नमेंट अप्रूव्ह्ड' लिहिणं त्याहून मोठी चूक. सोयाबीन उगवलं नाही आणि तक्रार करायची वेळ आली की पहिला सवाल टॅगचाच होतो.

कीटकनाशकाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक असतो. ते 'रजिस्टर्ड'. नोंदणी ठराविक पीक आणि ठराविक किडीसाठी असते. 'अप्रूव्ह्ड' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटतं कशावरही मारा.

कपाशीवाल्यांसाठी एक मासलेवाईक उदाहरण. २००२ साली बीटी कपाशीला हिरवा कंदील देणाऱ्या केंद्रीय समितीच्या जीईएसी या नावातला 'ए' तेव्हा 'अप्रूव्हल'चा होता. २०१० मध्ये तो 'अप्रेझल'चा झाला. अक्षर तेच, पण मंजुरी देणारी समिती मूल्यमापन करणारी झाली. जुने कागद आणि नवे कागद एकत्र वापरताना ही चूक लोक अजून करतात. 'अप्रेझल' कितीही चांगलं निघालं तरी ती मंजुरी नव्हे. बँकेतल्या 'लोन अप्रेझल'चंही तेच.

शाळा-कॉलेजांसाठी तीन शब्द, थोडक्यात. शासन शाळेला देतं ती 'रेकग्निशन'. कॉलेज अमरावती, नागपूर किंवा गडचिरोलीच्या विद्यापीठाशी जोडलेलं असतं ते 'अॅफिलिएशन', संलग्नता. नॅक ही राष्ट्रीय संस्था कॉलेजचं मूल्यमापन करून देते ते 'अॅक्रेडिटेशन'. बायोडेटात 'युनिव्हर्सिटी अप्रूव्ह्ड कॉलेज' असं लिहू नका, 'अॅफिलिएटेड टू' लिहून विद्यापीठाचं नाव द्या.

## पायरी ६: पाठीशी उभं राहणं

'एंडोर्स' लॅटिनमधल्या पाठीच्या शब्दावरून आलाय, आणि आपला कचेरीतला 'पृष्ठांकन' हा शब्दही पाठीवरचाच. चेकच्या मागे सही करून तो दुसऱ्याच्या नावे करतात, ते 'एंडोर्समेंट'. 'अकाउंट पेयी' रेघ मारलेला चेक असा फिरवता येत नाही. यातूनच जाहीर पाठिंब्याचा अर्थ आला: आपलं नाव दुसऱ्याच्या कामाला लावणं. पाठिंबा देणाऱ्याकडे मंजुरीचा अधिकार असायलाच हवा असं नाही. सरपंचानं तुमच्या उमेदवाराला 'एंडोर्स' केलं म्हणजे पाठिंबा दिला, नेमणूक केली नाही.

'रेकमेंड' करणारा वरच्याला सांगतो, करा. 'सेकंड' करणारा अनुमोदक. आणि 'फॉरवर्ड' करणारा नुसता टपाल पुढे ढकलतो. 'फॉरवर्डेड' आणि 'रेकमेंडेड' हे शिक्के वेगळे असतात. अर्जावर पहिला पडलाय आणि तुम्ही दुसरा समजून निर्धास्त आहात, असं व्हायला नको.

## पायरी ७: मंजुरीसारखे दिसणारे, पण मंजुरी नसलेले

हे शब्द आले की पेढे वाटू नका:

- 'रिसीव्ह्ड': आवकचा शिक्का, पोच. कागद पोचला, बस.
- 'सीन', 'नोटेड': पाहिलं, नोंद घेतली. निर्णय नाही.
- 'नो ऑब्जेक्शन': आमची आडकाठी नाही. दुसऱ्या कोणाची असू शकते.
- 'क्लिअरन्स': एक अडथळा निघाला. पर्यावरणाचा 'क्लिअरन्स' मिळाला म्हणजे वनविभागाचाही मिळाला असं नाही.
- 'कन्डोन': चूक पोटात घातली. उशीर झालेल्या अपिलात विलंब 'कन्डोन' करा अशी विनंती करतात. चूक चूकच राहते, म्हणून 'कन्डोन' केलेल्या गोष्टीला 'अप्रूव्ह्ड' म्हणू नये.
- 'अॅक्विएस': पटलेलं नाही, पण गप्प बसले. गावच्या सभेत हे सगळ्यात जास्त घडतं आणि कार्यवृत्तात 'युनॅनिमसली अप्रूव्ह्ड' म्हणून उतरतं. एकमत झालं की कोणी बोललं नाही, याचा खुलासा मराठीत आधी करून घ्या.

## पायरी ८: कौतुकाचे शब्द

इथे धोका कमी आहे. 'प्रेझ' सगळीकडे चालतं. 'कमेंड' वरचा खालच्याला करतो, त्यामुळे गटशिक्षणाधिकाऱ्यांना 'आय कमेंड यू' लिहू नका, पाठ थोपटल्यासारखं वाटतं. त्यांच्यासाठी 'वी आर ग्रेटफुल' बरं. 'अॅप्रिशिएट'मध्ये किंमत कळल्याची भावना आहे, आणि बँकेच्या भाषेत त्याचाच अर्थ भाव वाढणं असाही होतो. 'अप्लॉड' टाळ्यांचा, तो भाषणात ठेवा.

## पायरी ९: पाठवण्याआधीची शेवटची फेरी

मसुद्यातल्या होकाराच्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा. 'अप्रूव्ह' तीनपेक्षा जास्त वेळा आला असेल तर बहुधा एक तरी चुकीचा आहे. 'इज अप्रूव्ह्ड' दिसलं की पुढे 'बाय' लावून कर्ता लिहून बघा. कर्ता सापडत नसेल तर मंजुरी कोणी दिली हे तुम्हालाच माहीत नाही.

मग बाजू बघा. मागणारे तुम्ही असाल तर 'मे काइंडली बी सँक्शन्ड' किंवा 'सबमिटेड फॉर अप्रूव्हल', म्हणजे आपलं 'मान्यतेस्तव सादर'. घाईत अर्जदारच 'द अमाउंट इज सँक्शन्ड' लिहून मोकळा होतो, आणि टेबलामागचा बाबू विचारतो, मग आमच्याकडे कशाला आले?

शेवटी 'अॅग्री'च्या मागचा शब्द. माणसाशी किंवा त्याच्या मताशी पटलं तर 'विथ', अट किंवा प्रस्ताव कबूल असेल तर 'टू', दोघांनी मिळून भाव किंवा तारीख ठरवली तर 'ऑन'. कापूस खरेदीच्या करारात 'वी अॅग्री विथ द रेट' लिहिलं तर भाव रास्त वाटतो एवढंच निघतं. त्या भावानं माल द्यायचा असेल तर 'वी अॅग्री टू सेल अॅट द रेट ऑफ' लिहा आणि पुढे क्विंटलचा आकडा अंकांत आणि अक्षरांत भरा.